फौजदाराचं सोंग घेतलेलं औषध

ज्या जर्मन गृहस्थाने मॉर्फिनचं नाव मॉर्फिन ठेवलं, तो मला भेटला असता तर लक्ष्मी रोडच्या भर गर्दीत उभा करून मी त्याला चार शब्द सुनावले असते. गृहस्थाला जाऊन दीडशेच्या वर वर्षं झाली, त्यामुळे तो वाचला. तो माझ्याच धंद्यातला, म्हणजे औषधाच्या दुकानात उमेदवारी करणारा पोरगा होता, हे वाचल्यावर तर माझा राग दुप्पट झाला. अफूच्या चिकातून वेदना मारणारा नेमका अंश त्याने वेगळा काढला, स्वतःवर आणि मित्रांवर प्रयोग करून पाहिला, सगळं झकास केलं. आणि मग बारशाच्या वेळी ग्रीक पुराणातल्या एका देवाचं नाव उचलून मोकळा झाला. त्या नावापायी पुण्यात एक बाई विनाकारण तळमळत पडली. तिचीच हकिकत सांगते.

मी पुण्यातल्या एका जुन्या धर्मादाय रुग्णालयात औषधनिर्माती होते. हा सरकारी शब्द. प्रत्यक्षात मी काहीही निर्माण करत नसे. एका जाळीच्या खिडकीमागे उभं राहून चिठ्ठ्या वाचत असे आणि गोळ्या देत असे. लोक मला ‘मेडिकलवाल्या बाई’ म्हणत. खिडकीवर ‘डॉक्टरांचं अक्षर आम्हाला लागतं, वाचून दाखवू नये’ अशी पाटी मीच लावली होती. ती वाचूनही लोक वाचून दाखवत.

खिडकीच्या मागे भिंतीत एक लोखंडी कपाट होतं. त्याला दोन कुलपं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी मेट्रनकडे. दोघी हजर असल्याशिवाय ते उघडायचं नाही, असा नियम. आत मॉर्फिन. बाहेरच्यांना वाटायचं आत दागिने असतील. दागिन्यांसाठी इतकी कटकट कुणी केली नसती. हे औषध ठेवायचं तर परवाना लागे, आणणं-नेणं करायचं तर निराळा, आणि हे परवाने देणारं खातं कोणतं, तर दारूवर लक्ष ठेवणारं. तिथले एक साहेब तपासणीला आले की विचारायचे, “बाई, एवढी लागते कशाला हो तुम्हाला?” जणू मी कपाटामागे अड्डा चालवते आहे. एकदा इंजेक्शनची एक कुपी मेट्रनच्या हातून पडून फुटली, तर आम्ही दोघी काचा गोळा करून, हिशेब द्यायला, साहेबांची वाट पाहत बसलो. अफू आपल्याच देशात पिकते, सरकारच्या देखरेखीखाली पिकते, आणि तिचा मोठा भाग परदेशी रवाना होतो. तिकडच्या माणसांचं दुखणं थांबवायला आपला शेतकरी राबतो आणि इकडे लोणी काळभोरची बाई पदर चावत पडते. यावर संताप येत नसेल तर मग कशावर यायचा?

एवढं करून औषध काय, तर साधी गोळी. कॅन्सर हाडांत उतरला की जे दुखतं त्यापुढे डोकेदुखीच्या गोळ्या काय करणार? ही गोळी ठरलेल्या वेळेला, दुखायची वाट न बघता, थोड्या मात्रेपासून सुरुवात करून डॉक्टर देतात. सुरुवातीला गुंगी येते, ती ओसरते. बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषध जोडीला लागतं. दुखण्यासाठी अशी नीट देखरेखीखाली घेणारा माणूस सहसा व्यसनी होत नाही. हे मी खिडकीतून इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेतही सांगेन. तरी लोक कुजबुजायचे, “बाई, गर्द ना ही? आईला गर्दुल्ली करता काय?” न घाबरणारा मला एकच भेटला, खडकीचे एक निवृत्त सुभेदार. लढाईत पायाला गोळी लागली होती तेव्हा मॉर्फिन घेतलेलं. खिडकीशी ताठ उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, “मॉर्फिया द्या बाई, जुना दोस्त आहे.”

शेवंताबाई आल्या तेव्हा हिंजवडीत काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या. त्यांचा मुलगा संदीप तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र. रुग्णालयातही तो ते काढायला विसरायचा. बाई लोणी काळभोरच्या. नवरा लवकर गेला, भाजीचा मळा करून पोराला इंजिनिअर केलं. हे मला संदीपनेच खिडकीशी उभं राहून सांगितलं. “आमची आई खूप बोलते हो. ती गप्प बसली ना, की शेजारी विचारायला यायचे, काय झालं म्हणून.”

आता ती बाई गप्प होती. औषधं पोचवायला मी वॉर्डात गेले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. भिंतीकडे तोंड, गुडघे पोटाशी, लुगड्याच्या पदराचा बोळा दातांत धरलेला. सिस्टरने कूस बदलायला हात लावला तेव्हा जो आवाज आला तो बोलण्याचा नव्हता. डॉक्टरांनी त्याच दिवशी मॉर्फिन लिहिलं. इथपर्यंत सगळं बरोबर झालं होतं.

बिघडवलं डॉक्टरांनीच. आमचे मोठे डॉक्टर हुशार, हाताला यश असलेले आणि शब्दांची व्युत्पत्ती सांगायची भारी हौस असलेले. हा आजार पुण्यात पुष्कळांना आहे. संदीप चिठ्ठी घेऊन माझ्या खिडकीशी उभा होता, डॉक्टर मागून चालले होते. त्याने साधा प्रश्न विचारला, “सर, हे मॉर्फिन म्हणजे नक्की काय?” आता याचं उत्तर काय? ‘तुमच्या आईचं दुखणं थांबेल.’ चार शब्द. पण डॉक्टरांचा चेहरा खुलला.

“मॉर्फियस!” ते म्हणाले. “ग्रीकांचा निद्रादेव. त्यावरून मॉर्फिन. काय सुंदर नाव आहे बघा!”

संदीपचा चेहरा उतरला. “निद्रादेव म्हणजे... सर, उठेल ना ती?”

“अहो, शांत झोपेल!” असं म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारून डॉक्टर निघूनही गेले.

शांत झोपेल! हे शब्द मराठी माणसाच्या कानावर कधी पडतात? वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, काळ्या चौकटीत, ‘चिरनिद्रा’ हा शब्द रोज छापून येतो. ग्रीकांचं काय असेल ते असो, आमच्याकडे निद्रा आणि चिरनिद्रा यांच्यात दोनच अक्षरांचं अंतर आहे. संदीपने चिठ्ठी घडी करून खिशात घातली. “सॉरी मॅडम, असलं काही मी आईला देऊ देणार नाही.”

मी त्याला जाळीतूनच हाक मारली, परत बोलावलं, समजावलं. दुसऱ्या दिवशी तो इंटरनेटवरून छापून आणलेले कागद घेऊन आला. श्वास मंदावतो, माणूस जातो, असं त्यात पिवळ्या पेनाने रंगवलेलं.

“हे भलतीच मात्रा एकदम दिली तर होतं,” मी म्हटलं. “इथे कमीपासून चढत जातात, डॉक्टर रोज बघतात.”

“पण मॅडम, रिस्क झिरो आहे का?”

“रिक्षात बसताना विचारता का असं?”

त्याला राग आला. मलाही आला होताच. मुलगा वाईट असता तर मी कधीच नाद सोडला असता. पण तो आईच्या पायथ्याशी बसून तिचे पाय चेपायचा, आणि ते चेपणंही तिला सहन होत नव्हतं, हे त्याला कळत नव्हतं. शेजारच्या कॉटवरच्या बाईची सून त्याच्या कानाशी लागायची, “ते दिलं की समजायचं, आटोपलं.” मी डॉक्टरांना सांगायला गेले तर ते म्हणाले, “नातेवाईक नको म्हणतात, मग आपण काय करणार? येतील ताळ्यावर.” ताळ्यावर येईपर्यंत शेवंताबाईंनी काय चावायचं, पदर की उशी, ते मात्र सांगितलं नाही. तोवर त्यांना हलक्या गोळ्या देणं चाललं होतं.

नावाचं एवढं काय घेऊन बसलात, असं मला पुष्कळजण म्हणाले. असं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारते, तुमच्या आजोबांचं नाव काय होतं? माझ्या आजोबांचं नाव कचरू. हौसेने ठेवलेलं नव्हतं. आमच्या वस्तीतल्या पोरांना गाव असलीच नावं पुरवत असे, म्हणजे हाक मारतानाच माणूस खाली बसावा. आमच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला, वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले, आणि त्यांनी आम्हा भावंडांची नावं विचार करून निवडली. माझं सुजाता. उपाशी तपस्व्याला खीर देणारी ती सुजाता. नावामुळे माणूस दारातून आत येतो किंवा दारातच थांबतो, हे मी घरात पाहिलेलं आहे. इथे औषध दारात थांबलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडताच निघाले आणि तरातरा बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या गल्लीत गेले. जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात ग्रीक पुराणकथांचं जाड पुस्तक सापडलं. दुकानदार म्हणाला, “घ्यायचं असेल तरच हात लावा.” मी हात लावला, उभ्या उभ्या वाचलं आणि मग घेतलं. कारण त्यात जे लिहिलं होतं ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॉर्फियस हा निद्रेचा देव नव्हताच. निद्रेचा देव त्याचा बाप. मॉर्फियस मुलगा, स्वप्नांचा देव. ‘मॉर्फे’ म्हणजे रूप, आकार. झोपलेल्याच्या स्वप्नात हा वेगवेगळ्या माणसांची रूपं घेऊन जातो, त्यांच्यासारखा चालतो, त्यांच्यासारखा बोलतो. झालं! म्हणजे ज्या नावापायी बाई तळमळत होती, त्या नावाचा अर्थसुद्धा डॉक्टरांनी चुकीचा सांगितला होता.

पुस्तक घेऊन मी थेट त्यांच्या खोलीत गेले. “सर, तुम्ही बाप सांगितलात. हा मुलगा आहे.”

त्यांनी चष्मा लावून पान वाचलं. “अहो, एकाच घरातले ना? तेच ते.”

“तेच ते नाही,” मी म्हटलं. “तुमच्या जागी तुमच्या वडिलांचं नाव पाटीवर लावलं तर चालेल का?”

त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, “तुम्हीच सांगा जाऊन त्या मुलाला. मी सांगितलं की तो आणखी घाबरतो.” निदान एवढं त्यांना कळलं होतं.

मी वॉर्डात गेले. संदीप आईच्या उशाशी होता. त्याला सांगायला तोंड उघडलं, आणि एकदम लक्षात आलं की इतके दिवस आम्ही सगळे या बाईच्या डोक्यावरून बोलतो आहोत. डॉक्टर मुलाशी, मुलगा माझ्याशी, मी डॉक्टरांशी. दुखत होतं जिला, तिला कुणी विचारलंच नव्हतं. मला सगळ्यांची चीड आली. मी स्टूल ओढलं आणि तिच्या तोंडासमोर बसले.

“शेवंताबाई, दुखण्यावर औषध आहे. तुमचा मुलगा त्याच्या नावाला भ्यायलाय.”

तिने डोळे उघडले. पदर दातांतून काढला. “कसलं नाव?”

मी सांगितलं. देशी भाषेत सांगता येईल तसं. परदेशात एक देव आहे, तो स्वप्नात येतो, कधी ह्या माणसाचं सोंग घेऊन, कधी त्या. त्याचं नाव या औषधाला दिलंय. याला लोक घाबरतात, कारण याच्यावर पोलिसांचा पहारा आहे, परवाना आहे, कुलूप आहे.

मग एकेक शब्द लावून म्हणाली, “म्हंजी बहुरूपी हाय.”

“काय?”

“आमच्या गावात यायचा. फौजदाराचं सोंग घिऊन. टोपी, काठी, सम्दं. दारात उभा ऱ्हाऊन वरडायचा, तुमच्या मांजरानं सरकारी दूध पिलंय, चला ठान्यावर.” ती थांबली, दम घेतला. “ह्यो,” तिने संदीपकडे बोट केलं, “माझ्या मागं लपायचा. मुतायचा चड्डीत.”

“आई!” संदीप म्हणाला.

“मी हसायची. मला ठावं हुतं, आत त्योच मानूस हाय. पसाभर जवारी घालायची, मंग त्यो हसायचा न् जायाचा.” कळ आली तशी तिने डोळे मिटले, हात कॉटच्या दांडीवर आवळला. ओसरल्यावर म्हणाली, “फौजदाराचं सोंग घिऊन आलाय म्हनून दारातनं हाकलाय लागला व्हय रं माझ्या बहुरूप्याला? आन त्याला आत.”

संदीपने माझ्याकडे पाहिलं. मग खिशातली घडी केलेली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. मी खाली आले, मेट्रनला हाक मारली आणि आम्ही दोघींनी दोन कुलपं उघडली.

पहिल्या गोळ्यांनंतर शेवंताबाई झोपल्या. दुखणं हटलेला माणूस आधी आपली राहिलेली झोप वसूल करतो, हे आम्हाला ठाऊक होतं, संदीपला नव्हतं. तो दर थोड्या वेळाने खिडकीशी यायचा. “मॅडम, अजून झोपलीय. झोपवलंत ना तुम्ही तिला?” डॉक्टर येऊन तपासून गेले, श्वास नीट, नाडी नीट. तरी तो आईच्या नाकाशी बोट धरून बसला. मी माझं काम टाकून त्याच्याजवळ उभी राहिले. खरं सांगते, धास्ती मलाही होती. कारण त्या बाईला आता काही झालं असतं, औषधाने नव्हे, आजाराने का होईना, तरी त्या वॉर्डात पुन्हा कुणी ती गोळी घेतली नसती.

सकाळी चहा वाटणारा आला. शेवंताबाईंनी कूस बदलली, कुणाच्या मदतीशिवाय. कप हातात घेतला, घोटभर प्याल्या आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “च्या कुनी केला ह्यो? नुस्तं पानी हाय!”

मग त्या थांबल्याच नाहीत. चहावाल्याला झापलं, सिस्टरला झापलं, गळ्यातल्या पट्ट्यावरून संदीपला झापलं (“गुराला दावं बांधल्यावानी काय रं ते?”). शेजारच्या कॉटच्या सुनेला तर असं काही ऐकवलं की ती दुपारपर्यंत बाहेरच होती. ज्या औषधाने झोपवणार म्हणून एवढा दंगा केला, त्याने त्या बाईला जागं केलं होतं. तिला झोपवलं होतं, मुकं केलं होतं ते दुखण्याने. हे कुणी कागदावर पिवळ्या पेनाने का रंगवत नाही?

बहुरूपी हे नाव वॉर्डात राहिलं. सिस्टर म्हणायच्या, “बहुरूप्याची वेळ झाली.” नवे पेशंट आले की जुने त्यांना समजावायचे, आणि मी पाहिलं की बहुरूप्याला नको म्हणणारे फारच थोडे निघतात. तपासणीच्या साहेबांच्या कानावरही ते गेलं. ते म्हणाले, “बाई, मूळ नावच वापरा, गोंधळ नको.” मी म्हटलं, “साहेब, गोंधळ मूळ नावानेच झालाय.” शेवंताबाई घरी गेल्या, गोळ्या चालू राहिल्या, आणि शेवटपर्यंत त्या बोलत राहिल्या असं मला कळलं. आजही मोठमोठ्या रुग्णालयांत तरुण डॉक्टर हे नाव पेशंटसमोर कुजबुजत घेतात, ‘जरा स्ट्राँग औषध’ म्हणतात आणि नातेवाइकांना दाराबाहेर बोलावतात. आत कॉटवर माणूस पदर चावत असतो. हे ऐकलं की निवृत्त झाले तरी माझा रक्तदाब चढतो.

शेवंताबाई गेल्यावर काही आठवड्यांनी संदीप खिडकीशी आला. उरलेल्या गोळ्या परत आणून द्यायची आम्ही सगळ्यांना ताकीद देत असू. त्या नष्ट कराव्या लागतात. त्याने पाकीट जाळीतून आत सरकवलं. गळ्यात पट्टा नव्हता.

“मॅडम, आई सगळ्यावर बोलली,” तो म्हणाला. “माझ्या लग्नावर, मळ्यावर, बाबांवर. कुणाला काय द्यायचं ते पण सांगितलं. पण ते सुरुवातीचे दिवस... मी नको म्हणत होतो ना, ते. त्याच्यावर एकदाही बोलली नाही. एक शब्द नाही.” तो जाळीला धरून उभा राहिला. “तुम्हाला काही बोलली होती का?”

“नाही,” मी म्हटलं.

अशा वेळी ‘असू द्या, होतं असं’ म्हणायची पद्धत आहे. मी म्हटलं नाही. ते दिवस माझे नव्हते, तिचे होते; ते माफ करायचा हक्कही तिचाच होता. जी बाई पाणचट चहासुद्धा सोडत नव्हती, ती एवढ्या एकाच गोष्टीवर गप्प राहिली होती, आणि तिच्या त्या गप्प राहण्यात मी आपली भर घालायची, हे मला पटेना.

मी खिडकी बंद केली, बाहेर आले, त्याला बाकावर बसवलं आणि कँटीनच्या माणसाला हाक मारली. “दोन चहा आण. आणि नीट कर रे, नुसतं पाणी नको.”

ते ऐकल्यावर मात्र तो रडला.